घोडीला विचारायची वाट

१२ सप्टेंबर २००७, बुधवार

आमची ही, पुतळा, म्हणते, मी म्हातारा झालो नाही, बावळट झालो!

झालं एवढंच — सकाळी सूनबाईने, मृणालीने, लवंगीची पाण्याची बादली तबेल्यात डावीकडून उचलून उजवीकडे ठेवली. डावीकडे चिखल होतो म्हणून. लवंगी आपली डावीकडेच, रिकाम्या जागी तोंड घालून उभी. बराच वेळ. मी बादली परत जागेवर आणून ठेवली. तिला बदल आवडत नाही, म्हटलं. मलाही नाही. त्यावर पुतळा, "एक घोडी नि एक घोडीवाला. बांधा दोघांना एकाच खुंटीला!" चाळीस वर्षं झाली, प्रत्येक घोडीला ती सवतच म्हणत आली आहे.

हसलो खरा. पण रात्रीच्या जेवणाला मनोजने पुन्हा तोच विषय काढला. खाडीकडची पट्टी. शेजारच्या गोदामवाल्यांना ट्रक वळवायला जागा कमी पडते, त्यांना आमची पट्टी हवी आहे. जमीन माझ्या नावावर, म्हणून सही माझी. "बाबा, आज विचारतायत. उद्या दुसरीकडून रस्ता काढला तर आपल्याला कोण विचारणार?"

खोटं बोलत नाही तो. त्याचे टेम्पो त्याच गोदामात चालतात, त्याला त्यातलं कळतं. पण बांधावरून खाडीला जाणारी आमची वाट त्याच पट्टीतून जाते. पट्टी गेली की वाट गेली. वाट गेली की घोड्या कशाला ठेवायच्या? अंगणात उभ्या करायला?

म्हटलं, बघू.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून रमजान. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, म्हणून निजामपुऱ्यातली पोरं शुक्रवारीच घोडीवर बसायला येतात — माझ्या वडिलांच्या वेळेपासून. पावसाळ्यात अंगणातच फेऱ्या होतात, त्याही आता महिनाभर नाहीत. दोघींना मीच वळ गावच्या रस्त्याने फिरवून आणलं. मी लवंगीवर, मागून मोगरी मोकळी. मोगरी तिचीच लेक. सहा वर्षांची झाली तरी आईच्या शेपटाला तोंड लावून चालते.

एके काळी सात होत्या. दावणीला नावं घेत भिजवल्या हरभऱ्याची चंदी घालायला निघालो की आईची भाकरी निवायची.

१५ सप्टेंबर

गणपती बसले. मोदकाची कळी मृणालीला आता छान जमते. मनोजने विषय काढला नाही. देवापुढे काढत नाही, एवढं आहे.

२३ सप्टेंबर, रविवार

ऋतिकाला शाळेत निबंध दिलाय — 'आमच्या घरचा व्यवसाय'. नात सातवीत, पण प्रश्न वकिलासारखे. "आजोबा, काय लिहू? शेती, ट्रान्सपोर्ट की हॉर्स रायडिंग?" म्हटलं, बस इथं. तिन्ही एकच आहे.

मग सांगत बसलो. माझे वडील, आबा, टांगा चालवायचे. भिवंडीतून वज्रेश्वरीला माणसं न्यायची, अकलोलीच्या गरम कुंडात त्यांची आंघोळ होईस्तोवर थांबायचं आणि परत आणायची. घोडीचं नाव हौसा. आबा कुंडाच्या पाण्यात फडकं भिजवून हौसाचे गुडघे शेकायचे. लोक म्हणायचे, "चिंधू, तुझ्या घोडीला आमच्यापेक्षा जास्त पुण्य लागलं!" मी टांग्यात मागे पाय सोडून बसायचो आणि मोठ्याने कविता म्हणायचो. चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या मला पाठ होत्या. चढाला हौसाचा वेग कमी झाला की मी पण चाल बदलायचो, ओळी लांबवायचो. आजही कविता आठवायची तर मला आधी चाकाचा आवाज आठवावा लागतो.

मग एस.टी. आली. टांगेवाल्यांनी एकेक करून घोड्या विकल्या आणि टांगे परसात उभे केले. आबांनी उलटं केलं — टांगा विकला, घोडी ठेवली! सगळं गाव हसलं. भाताच्या चिखलात घोडी काय कामाची? आई म्हणायची, "बैल सारवायला शेण तरी देतो. ही नुसते नखरे देते."

एका शुक्रवारी निजामपुऱ्यातला एक लूमवाला शेठ दोन मुलांना घेऊन शेतावर आला. आबांच्या टांग्यातून कुंडावर जायची ती मुलं, आणि एस.टी.त बसवलं की हौसासाठी रडायची. आबांनी दोघांना उचलून हौसाच्या पाठीवर ठेवलं आणि बांधाबांधाने खाडीपर्यंत नेऊन आणलं. भात कापलेलं. पायाखाली खुंट, पुढे खाडीच्या दलदलीतली तिवरं, तिवरांवर बगळे. पोरं उतरायला तयार होईनात. पुढच्या शुक्रवारी चार आली. मग ठाण्या-मुलुंडच्या शाळांच्या सहली यायला लागल्या. पावसाळ्यात भात आणि भात झालं की घोड्या — आमचं वर्ष असं दोन पायांवर उभं राहिलं.

ऋतिका लिहिता लिहिता थांबली. "आजोबा, तुम्ही हे सांगताना डोळे मिटता."

"मिटले की दिसतं."

"असं लिहू निबंधात?"

लिही, म्हटलं.

१४ ऑक्टोबर, रविवार

ईद! सकाळी दहापासून नवे कुर्ते घातलेली पोरं. बांध अजून ओला, म्हणून अंगणातच फेऱ्या. लवंगीवर आता मी पोरं बसवत नाही, तिचं वय झालं. ती नुसती पुढे चालते, मागून मोगरी पोराला घेऊन. एक चिमुरडा मला म्हणतो, "चाचा, ये आगेवाली दादी जैसी क्यूँ चलती है?" म्हटलं, "दादी ही है, बेटा." "तो इसको भी ईदी दो!" मग तिलाही शीरखुर्म्यातला खजूर मिळाला.

एकाने लाल फुगा आणला होता. मोगरीच्या डोळ्यांपुढे आला तशी ती दोन पावलं उडाली. नंतर तोच फुगा लवंगीच्या नाकापुढून गेला — ती ढिम्म. याला म्हणतात अनुभव.

मनोज मधे येऊन उभा राहिला. एका पोराला उचलून मोगरीवर बसवलं, रिकिबीत पाय अडकवून दिला. अजून हात विसरलेले नाहीत त्याचे.  

२१ ऑक्टोबर, दसरा

दोघींना न्हाऊ घातलं, खरारा केला, झेंडूच्या माळा घातल्या. पुतळाने ओवाळलं. दरवर्षी निरांजन जवळ आलं की लवंगी मान मागे खेचते आणि पुतळा म्हणते, "बघा, सवतीला माझी ज्योत सोसत नाही." यंदा अगदी डोळ्यांपाशी नेलं तरी हलली नाही. पुतळाच दचकली. "शहाणी झाली की हो!"

मला फार बरं वाटलं. म्हातारपणी दोघींचं जमलं.

३ नोव्हेंबर, शनिवार

कापणी लागली. अकलोलीच्या वरच्या पाड्यावरून बुधा आणि कमळी आले. दरवर्षी येतात. बुधा आणि मी बरोबरीचे. त्याचा बाप आबांच्या टांग्यासाठी गवताचे भारे आणायचा, तेव्हापासूनची ओळख. आल्या आल्या मला म्हणतो, "पंढरीदादा, अजून जिता हायस का? मंग मला बी घाई न्हाय."

दुपारी बांधावर बसून दोघांनी चौफेर पाहिलं. एप्रिलमध्ये माझा मोतीबिंदू काढला. आधी सगळं धूसर होतं तेव्हा लांबचे निळे पत्रे मला खाडीच्या पाण्यासारखे वाटायचे. आता पत्रे दिसतात. प्रत्येक खिळा दिसतो. इतकी गोदामं कधी झाली? डॉक्टरला म्हणावंसं वाटतं, एक डोळा जुना ठेवायचा होता.

आमच्या पट्टीच्या पलीकडे तुळजाचं शेत होतं. तुळजा गेली, मुलांनी गेल्या वर्षी जमीन गोदामवाल्यांना दिली, आणि या पावसाळ्यात तिथे भिंत उभी राहिली — आमच्या हद्दीला लागून, बरोबर बांधावर आडवी. भिंत चढत होती तेव्हा मी तिथल्या मुकादमाला जाऊन सांगितलं होतं, बाबा रे, घोडी जाईल एवढं फाटक ठेव. तो म्हणाला, "काका, तुमचा मनोज आमच्यात धंदा करतो. तो एक शब्द बोलला तर ठेवतो." मी मनोजला सांगितलं. मनोज म्हणाला, "बाबा, टेम्पो चालतात तिथं. फाटकासाठी कुठं शब्द टाकू?"

नाही टाकला.

आता भिंत आणि तिवरं यांच्यामध्ये घोडीपुरती कड उरली आहे. बुधाने काठी टोचून पाहिली. "घट्ट हाय," म्हणाला.

१० नोव्हेंबर, पाडवा

आज शब्दाने शब्द वाढला आणि मी पैज लावून बसलो!

फराळ झाला. मनोजने फाईल आणली. ते लोक डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी यायचं म्हणतात. मी म्हटलं, तुळशीचं लग्न होऊ दे, घोडीला वाट विचारू दे. मनोज वैतागला. "बाबा, घोडीला सही येत नाही. तुम्हाला येते."

मृणालीला हे सगळं नवंच. लग्न होऊन आली त्यानंतरही दरवर्षी आम्ही करतो, पण तिला वाटायचं, म्हातारा सकाळचा फिरायला जातो. मग ऋतिकाने तिला समजावलं, आणि मी नुसता ऐकत बसलो. माझंच सगळं, पण पोरीच्या तोंडून किती खरं वाटलं!

मी सहावीत होतो त्या वर्षीची गोष्ट. भात निघालं होतं, आबा पोरांना बसवण्याआधी हौसाला बांधावरून नेत होते. एका जागी ती थांबली. आबांनी लगाम ओढला, टाच मारली. ती नको नको म्हणत पुढे झाली आणि बांध खचला. पावसाळाभर चिंबोऱ्यांनी, खाडीच्या खेकड्यांनी, आतून पोखरला होता, वरून दिसायला ठणठणीत. हौसा छातीपर्यंत गाळात. गाव दोर घेऊन धावलं. दिवेलागणीला ती बाहेर निघाली. आबा तिचे पाय पुसत एवढंच म्हणत होते, "सांगत होती. मीच ऐकलं नाही."

पुढच्या वर्षापासून आमच्या घरचा नियम. तुळशीचं लग्न झालं की सर्वांत जुनी घोडी काढायची. लगामाला गाठ मारून तिच्या मानेवर टाकायचा. वर बसणाऱ्याने हात मांडीवर ठेवायचे — ओढायचं नाही, टाच नाही, शब्द नाही. ती जाईल ती वाट. मागून एकाने निरगुडीच्या फांद्या रोवत यायचं. हंगामभर घोड्या त्याच फांद्यांच्या कडेने चालायच्या. जिथे ती नको म्हणाली, तिथे आपणही नको. आजवर आमच्या वाटेवरून एक पोर गाळात पडलेलं नाही.

त्याच वर्षी मी चार ओळी जुळवल्या होत्या. शाळेत म्हणून दाखवल्या.

भात कापला, बांध मोकळा,
वारा आला खाडीचा;
लगाम सोडा, वाट विचारा,
मान राखा घोडीचा.

गुरुजी म्हणाले, "घोडीचा मान राखलास, गुरुजींचा कधी राखणार? पाढे म्हण!" पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनीच त्या फळ्यावर लिहिल्या. तेवढं एकच माझं छापून आलेलं साहित्य — खडूने!

तर मनोज म्हणाला, "भिंत आहे बाबा. वाटच नाही, तर विचारायचं काय?"

मी म्हटलं, "माणसाला दिसत नाही ती वाट घोडीला दिसते. ती खाडीपर्यंत गेली तर यंदा सही नाही."

"आणि नाही गेली तर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पुतळासुद्धा.

"तर सोमवारी येऊ दे त्यांना. करतो सही."

मनोज म्हणाला, "चालेल. घोडीलाच विचारा." हसला, पण वाईट नाही हसला. तोही याच वाटेवर घोडीवर बसायला शिकला.

११ नोव्हेंबर

फार बोललो काल.

१८ नोव्हेंबर, रविवार

भात खळ्यात. कोलम बरा उतरला. कमळीने जाताना पुतळाला रानातली कंदमुळं दिली, पुतळाने तिला जुनं लुगडं नाही, नवं दिलं. बुधा थांबलाय, घोडीच्या दिवसासाठी.

लवंगी हल्ली मान खाली घालून चालते, कान मात्र सारखे फिरत असतात. पाय आधी टेकवते, मग भार टाकते. आबांची हौसा उतारवयात अशीच झाली होती असं वाटतं — की मलाच तसं आठवायचं आहे?

२४ नोव्हेंबर, शनिवार

तुळशीचं लग्न झालं. ऊस, बोरं, चिंचा. उद्या.

लवंगीच्या कानात सांगितलं, पलीकडे भिंत आहे, घाबरू नको, तिवरांच्या बाजूला कड आहे. मग वाटलं, ही लबाडी झाली! वर बसून बोलायचं नाही असा नियम आहे, आदल्या दिवशीचं काही सांगितलेलं नाही. तरी पुन्हा कानाशी जाऊन म्हटलं, मी काही बोललो नाही.

पुतळा मागे उभी. "अहो, तिला पदर घेता येतो का बघा, म्हणजे मी निघते माहेरी."

२५ नोव्हेंबर, रविवार

लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी धुकं विरल्यावर निघालो. लवंगीच्या मानेवर गाठ मारलेला लगाम, माझे हात मांडीवर. मागे बुधा, काखेत निरगुडीचा भारा. त्यामागे ऋतिका, मनोज आणि — इतक्या वर्षांत पहिल्यांदा — पुतळा. "सवत हरते की जिंकते ते बघायला नको?"

काय चालली म्हणून सांगू! खळ्याच्या बाजूने उतरली, आंब्याखालून बांधावर चढली. दोन ठिकाणी बांध सोडून शेतात उतरली आणि पुढे पुन्हा वर आली. दोन्ही जागी बुधाने काठी खुपसली — दोन्ही जागी काठी हातभर आत! ऋतिकाने टाळ्या वाजवल्या. मनोज मागून म्हणाला, "मानलं!" मी वळून पाहिलं नाही, पण आवाज ओळखला. दहा वर्षांच्या मनोजचा आवाज होता तो.

मग आमची पट्टी. मग हद्द. मग भिंत.

मला वाटलं, आता डावीकडे वळेल. कड समोर दिसत होती, कोरडी, स्वच्छ. लवंगी वळली नाही. वेगही कमी केला नाही. सरळ चालत गेली आणि तिचं कपाळ भिंतीला लागलं. हलकेच. तशीच उभी राहिली, कपाळ भिंतीला टेकवून. पलीकडून खाडीचा वारा येत होता, तिचे कान ताठ. एकदा बारीक खिंकाळली.

आम्ही थांबलो. 

बुधा जवळ आला, हळूच म्हणाला, "दादा, बाजूनं जागा हाय ना. जरा मान वळीव तिची. कोन बघतंय?"

सगळेच बघत होते. आणि कोणी बघत नसतं तरी. एवढीशी गाठ माझ्या गुडघ्यापुढे होती. नुसतं बोट लावलं असतं तरी ती वळली असती, लगामाला इतकी हलकी आहे. हात मांडीवरच ठेवले. आबांनी एकदा ओढून पाहिलं होतं. मी ओढलं तर तो नियम नाही, आणि नियम नाही तर ही नुसती एका म्हाताऱ्याची घोडी.

शेवटी मनोज पुढे आला. गाठ सोडली, लगाम धरून तिला वळवलं. घरापर्यंत तोच धरून चालला.

अंगणात उतरलो. म्हटलं, "घोडी नाही म्हणाली. तीन तारखेच्या सोमवारी बोलव त्यांना."

"बाबा, एवढी घाई नाही—"

"शब्द दिलाय."

बुधाने उरलेल्या फांद्या तबेल्याच्या कोपऱ्यात ठेवल्या. टाकल्या नाहीत.

२६ नोव्हेंबर

पुतळा आज एकदाही सवत म्हणाली नाही.

२८ नोव्हेंबर, बुधवार

बुधा गेला. जाताना म्हणाला, "घोड्या इकल्यास तर मला सांगू नको." एवढंच.

मोगरी बदलापूरकडचा एक घोडेवाला घेईल म्हणतो, लग्नाच्या वरातीसाठी. लवंगीला कोण घेणार! ती इथेच राहील. मीही इथेच.

मनोजशी भांडण नाही. मुद्दाम लिहून ठेवतो. त्याने कधी मला खोटं सांगितलं नाही. माझं जग जसं होतं तसं मला आवडतं, त्याला जसं आहे तसं चालवावं लागतं. ऋतिकाची शाळा, बसचा पास, माझा डोळा — हे सगळं टेम्पोवर चालतं, निरगुडीवर नाही.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

ऋतिकाने सायकल अंगणात मधेच लावली होती. लवंगी पाण्यावरून परत येताना तिच्यात अडकली, सायकल आडवी. "आजोबा, तिनं बघितलंच नाही!" म्हटलं, तिचं लक्ष ठिकाणावर नाही. माझंही नाही. मी आज चहात दोनदा साखर घातली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

निजामपुऱ्यातली पोरं आली. "चाचा, रास्ता खुल गया?" हंगामाचा पहिला शुक्रवार, त्यांना माहीत असतं.

"नहीं खुला."

"तो खाडी?"

"खाडी वहीं है, बेटा. रास्ता नहीं है."

अंगणात फेऱ्या मारल्या. एकाचे वडील बाहेर मोटारसायकलवर थांबले होते. त्यांनी मला सलाम केला. म्हणाले, "मैं भी बैठता था. मेरे अब्बा भी." शेठच्या त्या दोन पोरांपैकी एकाचा मुलगा तो! त्याला नीट बघून घेतलं. मग आत जाऊन बसलो.

१ डिसेंबर, शनिवार

एकटाच चालत गेलो पट्टीवर. सोबत काठी. बुधाने रोवलेल्या फांद्या अजून हिरव्या आहेत, दोन-तीन तर धरल्या असाव्यात. निरगुडी तशी चिवट.

भिंतीपाशी थांबलो. तिने कपाळ टेकलं तिथे थोडा घामाचा डाग होता, किंवा मला तसं वाटलं. या जागेवरून पुढे तुळजाचं शेत, मग उतार, मग चिंचेचं एकटं झाड, मग तिवरं, मग पाणी. सहलीतली पोरं इथे पोचली की आपोआप गप्प व्हायची. मी कधी कधी त्यांना शाळेतल्या कविता म्हणायला लावायचो आणि एकेका शाळेत एकच कविता वेगवेगळ्या चालीत शिकवतात हे मला इथेच कळलं. मुलुंडची चाल वेगळी, ठाण्याची वेगळी. घोडीच्या चालीला कळव्याच्या एका शाळेची चाल सर्वांत जवळची होती.

परत आलो तर ऋतिका तबेल्यात. हातात गुळाचा खडा, लवंगीच्या अगदी डोळ्यांपुढे धरलेला, आणि पोर श्वास रोखून उभी. लवंगी समोर बघते आहे, गुळाकडे नाही. मग वारा फिरला, नाकपुड्या हलल्या, आणि तिने बरोबर उचलला.

"आजोबा, गूळ दिसला नाही तिला. वास आला."

म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. पोर रडकुंडीला आली. मृणालीने मला न विचारता जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. उद्या येतात. सोमवारी सही, आणि रविवारी हे कशाला? पण बादली आठवली. निरांजन आठवलं. फुगा.

झोप येत नाही, म्हणून लिहितोय. पुरे.

२ डिसेंबर, रविवार

डॉक्टर येऊन गेले. बॅटरी मारली, डोळ्यांपुढे हात नेला, पापणीही लवली नाही. डोळे वरून स्वच्छ, आतला पडदा गेला, म्हणाले. दोन्ही. वर्ष तरी झालं असेल.

म्हणजे तिने भिंत पाहिलीच नव्हती.

पुतळा दारातून म्हणाली, "मग बाई माझी खाडीलाच निघाली होती. नाही म्हणाली ती भिंत."

 मनोजने उद्याची फाईल उचलली, कपाटावर टाकली आणि तबेल्यात गेला. लवंगीच्या कपाळावर, भिंत लागली होती तिथे, हात ठेवून उभा राहिला. तिथूनच हाक मारली, "बाबा, फाटक किती रुंद लागेल? मी बोलतो मुकादमाशी."

मी दोन्ही हात पसरून दाखवले, घोडीपुरते. मग आठवलं, आता तिला धरून बाजूने ऋतिका चालणार. आणखी थोडे पसरले.